माल, पैसा आणि लेखणी : व्यवसायांतर्गत अफरातफरीच्या प्रश्नाचा आढावा

वऱ्हाडच्या व्यापाराचा इतिहास हा मुख्यतः कापसाचा इतिहास आहे, आणि तो थोडासा उकलून पाहिला की त्यात लबाडीची व तिच्या बंदोबस्ताची एक दीर्घ परंपरा आढळते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव येऊ लागला, आणि त्या भावाच्या लोभाने रुईत पाणी, माती व सरकी मिसळून वजन वाढवण्याचा प्रघात इतका बोकाळला, की १८६३ साली मुंबई सरकारला केवळ कापसातील लबाड्यांसाठी स्वतंत्र कायदा करणे भाग पडले. त्यापुढचे पाऊल वऱ्हाडात पडले. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या, परंतु १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडणाऱ्या कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमान्वये देशातील पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा अमलात आला. इतर प्रांतांनी पुढे जे बाजार-कायदे केले त्यांचे मूळ याच कायद्यात सापडते. बाजारावर समिती नेमावी आणि दलाल व मापारी यांना परवाना घेणे सक्तीचे करावे, अशी त्याची योजना होती. समितीत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य राहिले, हा त्याचा दोष खराच. तथापि ज्याचा सौद्यात स्वार्थ आहे त्याच्यावर वजनाचा काटा निर्धास्तपणे सोपवू नये, हे तत्त्व या भूमीने सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

बाजारापुरते मान्य झालेले हे तत्त्व पेढीच्या उंबरठ्याच्या आत मात्र फारसे शिरले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो उंबरठ्याच्या आतला व्यवहार हा आहे : दुकानात, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात, डाळमिलमध्ये, पतसंस्थेत किंवा मोठ्या कंपनीत, तेथील विश्वासाच्या माणसांकडूनच होणारी अफरातफर. ती कशी घडते, ती का घडते आणि ती वेळीच कशी ओळखता येते, याविषयी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ विचार झाला आहे. त्या विचाराचा आढावा घेतल्यावर माझे जे मत बनले ते आरंभीच सांगतो. माल, पैसा आणि लेखणी या तीन गोष्टी एकाच हाती एकवटल्या म्हणजे अफरातफरीला वाट मिळते. आणि मालाची, पैशाची व लेखणीची साक्ष परस्परांशी ताडून पाहण्याचा परिपाठ असला म्हणजे ती वर्षानुवर्षे दडून राहू शकत नाही.

प्रकार

कौटिल्याने अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. जमा झालेले उशिरा लिहिणे, न झालेला खर्च झालेला दाखवणे, एकाच्या नावावरची रक्कम दुसऱ्याच्या नावावर टाकणे, वजनामापात फरक करणे, असे हे प्रकार वाचताना आजच्या एखाद्या लेखापरीक्षण अहवालाचीच आठवण व्हावी. १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संघटनेने या सर्वांचे तीन वर्गांत वर्गीकरण केले आहे : मालमत्तेचा अपहार, लाचखोरी व हितसंबंधांचा गैरवापर, आणि खोटी आर्थिक पत्रके. तिच्या २०२४ च्या जागतिक अहवालात आलेल्या प्रकरणांपैकी ८९ टक्के प्रकरणांत मालमत्तेचा अपहार होता, आणि खोटी पत्रके केवळ ५ टक्के प्रकरणांत होती. परंतु हानीचा क्रम याच्या अगदी उलट होता, कारण सर्वांत मोठी हानी खोट्या पत्रकांनीच केली होती. लहान हातांची चोरी वारंवार होते आणि मोठ्या खुर्चीवरची क्वचित. परंतु तीच संस्था बुडवते.

पहिल्या वर्गातील सर्वांत जुना प्रकार वसुलीतला आहे. वसुली करणारा कारकून एका गिऱ्हाइकाने दिलेली रक्कम स्वतः वापरतो, त्याच्या खाती ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जमा करतो, आणि दुसऱ्याची तूट तिसऱ्याच्या पैशातून भरून काढतो. ही फिरवाफिरव एकदा सुरू झाली की ती थांबवता येत नाही, आणि ती करणाऱ्या माणसाला एक दिवसही जागा सोडता येत नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. खरेदीतील लबाडीचे ठिकाण आपल्याकडे बहुधा काटा हेच असते. कापसाची गाडी धर्मकाट्यावर भरलेली तोलली जाते आणि माल उतरवल्यावर रिकामी तोलली जाते. रिकाम्या गाडीचे वजन प्रत्यक्षाहून कमी लिहिले की जेवढा फरक पडला तेवढा न आलेला कापूस आलेला ठरतो, आणि मालक त्याचे पैसे मोजतो. याशिवाय हजेरीपटावर कामावर न आलेल्या मजुरांची नावे, अस्तित्वात नसलेल्या पुरवठादारांची बिले, दुरुस्तीच्या नावाखाली सुट्या भागांची दोनदा खरेदी, सरकी किंवा चुनी यांसारख्या उपमालाची पावतीविना विक्री, हे प्रकार सर्वत्र परिचित आहेत. मोठ्या सरकारी योजनाही यातून सुटल्या नाहीत. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत व्यापाऱ्यांचा कापूस कास्तकारांच्या नावावर घातला जातो आणि प्रतवारीत हेराफेरी होते, या तक्रारी वऱ्हाडात वर्षानुवर्षे ऐकू येत होत्या. त्या तक्रारींच्या मुळाशीही काटा, प्रत आणि पावती यांवर एकाच केंद्रातील मोजक्या माणसांचा ताबा असणे हेच कारण होते.

कारणे

माणूस अपहार का करतो, या प्रश्नाला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला द्यावे लागेल. विश्वासघाताच्या गुन्ह्याखाली तुरुंगात असलेल्या माणसांशी प्रत्यक्ष बोलून त्याने १९५३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मते या माणसांपुढे कोणालाही सांगता न येणारी अशी एखादी आर्थिक अडचण उभी होती, आपल्या हाती सोपवलेल्या पैशातून ती गुपचूप सोडवता येईल अशी संधी त्यांना दिसली, आणि आपण हे उसने घेत आहोत, परत करणार आहोत, असे समर्थन त्यांनी स्वतःच्या मनाशी आधीच तयार केले होते. अडचण, संधी आणि समर्थन या त्रयीवर आजचे बहुतेक विवेचन आधारलेले आहे. २००४ साली डेव्हिड वुल्फ व डेना हर्मनसन यांनी तिला चौथे अंग जोडले, ते म्हणजे सामर्थ्य : संधी अनेकांना दिसते, पण ती साधण्याइतके ज्ञान, अधिकार आणि धिटाई थोड्यांच्याच अंगी असते.

या मीमांसेचे मोल मान्य करूनही तिची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. क्रेसीच्या समोर पकडले गेलेले आणि शिक्षा झालेले लोकच होते. जे कधीच पकडले गेले नाहीत त्यांच्या मनात काय होते हे त्यातून कळत नाही. शिवाय व्यवहारात उतरताना या चार अंगांपैकी तीन अंगे मालकाच्या आटोक्याबाहेरची ठरतात. नोकराच्या घरातील आजारपण, कर्ज, लग्नकार्याचा खर्च किंवा व्यसन यांची माहिती घेणे आणि शक्य तेथे साहाय्य करणे हा माणुसकीचा धर्म आहे. परंतु माणसाच्या अंतःकरणावर पहारा ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. आपल्या हाती निश्चितपणे असते ती फक्त संधी. म्हणून या प्रश्नाचा विचार माणसे पारखण्याच्या दिशेने जितका जातो त्याहून कितीतरी अधिक तो कामाच्या मांडणीच्या दिशेने गेला पाहिजे.

लेखापरीक्षणाकडून काय अपेक्षावे?

अफरातफर शोधणे हे तपासनिसाचे काम आहे, असा समज सार्वत्रिक आहे. त्याची परीक्षा एका कापूस गिरणीच्याच खटल्यात झाली. १८९६ साली, म्हणजे वऱ्हाडचा बाजार-कायदा होण्याच्या आदल्या वर्षी, इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे किंग्स्टन कॉटन मिल कंपनीचे प्रकरण आले. गिरणीचा व्यवस्थापक अनेक वर्षे कापसाचा व सुताचा साठा फुगवून दाखवत होता, आणि हिशेब-तपासनीस त्याच्याच दाखल्यावर विसंबून ताळेबंद प्रमाणित करत होते. संशय यावा असे काही दिसत नसताना तपासनिसाने प्रत्येकाला लबाड मानून माग काढीत बसावे अशी अपेक्षा करता येत नाही, राखण करणे एवढेच त्याचे कर्तव्य आहे, असे म्हणून न्यायालयाने तपासनिसांना दोषमुक्त केले. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय पुढे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पण व्यवहाराच्या दृष्टीने त्या खटल्याचा बोध निराळाच आहे. वर्षारंभीचा साठा, वर्षातील खरेदी आणि वर्षातील विक्री यांची साधी बेरीज-वजाबाकी कोणी केली असती तरी वर्षअखेरीचा साठा असंभवनीय आहे हे उघड झाले असते. १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचे कोठारातील माल आणि येणे ही दोन्ही मोठ्या प्रमाणावर काल्पनिक असल्याचे उघडकीस आले, तेव्हाच मालाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि देणेकऱ्यांना थेट पत्र पाठवून बाकी पडताळणे हा लेखापरीक्षणाचा नित्य भाग बनला. तरीही २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षाने स्वतः कबूल करेपर्यंत तिच्या ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोख शिल्लक अस्तित्वातच नाही हे कोणाला कळले नाही. पूर्वोक्त जागतिक अहवालात बाह्य लेखापरीक्षणाने उघडकीस आलेली प्रकरणे अवघी ३ टक्के आहेत, आणि कोणीतरी दिलेल्या खबरीवरून उघडकीस आलेली ४३ टक्के. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणारा मालक कोणत्या भ्रमात असतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

लवकर ओळखण्याच्या खुणा

सर्वांत विश्वसनीय साक्ष मालाची असते, आणि या बाबतीत अकोला-अमरावतीचे कारखानदार इतरांहून सुदैवी आहेत, कारण त्यांच्या धंद्यातील कच्चा माल आणि पक्का माल यांचे प्रमाण निसर्गाने बरेचसे बांधून दिले आहे. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतांश सरकी असते आणि थोडी घट जाते. गाठ १७० किलोची धरली तर एका गाठीमागे सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. आता १०,००० क्विंटल कापसाच्या हिशेबात रुईचे हे प्रमाण, म्हणजे उतारा, एकच टक्का कमी लिहिला, तर १०० क्विंटल रुई, म्हणजे जवळजवळ ५९ गाठी, कागदावरून नाहीशा होतात. आणि एक टक्क्याचा फरक ओलावा, जात किंवा हंगाम यांच्या नावावर सहज खपून जातो. म्हणून उतारा वर्षाच्या शेवटी एकदा पाहून भागत नाही. तो दर आठवड्याला, दर पाळीला आणि दर पुरवठादाराच्या मालागणिक काढावा लागतो. रुईबरोबर सरकीचाही उतारा ताडून पाहावा, कारण एकाच माणसाला दोन्ही आकडे सुसंगत खोटे लिहिणे अवघड जाते. दर गाठीमागे जळणारी वीज, गाठी बांधण्यास लागलेल्या पट्ट्या आणि प्रेसवरील मजुरांचे दिवस हे आणखी तीन साक्षीदार आहेत. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालण्याची जी सक्ती केली, तिचा मूळ हेतू भेसळीचा माग काढणे हा होता. पण गाठींचे क्रमांक सलग आहेत की नाहीत हे पाहणे अंतर्गत चोरी पकडण्यासही तितकेच उपयोगी पडते. डाळमिलमध्ये तुरीची डाळ, चुनी आणि टरफल यांच्या वजनांची बेरीज आलेल्या तुरीशी, आणि भरलेल्या कट्ट्यांची संख्या वापरलेल्या बारदानाशी जुळली पाहिजे.

दुसरी साक्ष दप्तराची. बँकेच्या खात्याशी मेळ घालण्याचे काम महिनोन्महिने मागे पडणे, तसलमात खाती रकमा साचत जाणे, एकाच पुरवठादाराची बिले सलग क्रमांकांची असणे, मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खालचे आकडे वारंवार येणे, मूळ पावतीऐवजी झेरॉक्स प्रत जोडलेली असणे, आणि आपण पैसे भरले असताना खात्यावर बाकी कशी दिसते अशी गिऱ्हाइकाची तक्रार येणे, या खुणा एकेकट्या निरुपद्रवी असू शकतात, पण दोन-तीन एकत्र आल्या तर चौकशी टाळणे हा अपराध समजावा. देणेकऱ्यांना वर्षातून दोनदा मालकाच्या सहीने थेट बाकीपत्र पाठवावे आणि त्याचे उत्तर वसुली-कारकुनाच्या हाती न पडता मालकाकडे यावे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. आपल्याकडील बहुसंख्य पेढ्या एकमालकी किंवा भागीदारीच्या असल्याने त्यांना ही सक्ती लागू नाही. तथापि मागील तारखेच्या नोंदी कोणी, केव्हा बदलल्या हे दाखवणारी सोय त्यांनी आपल्या प्रणालीत स्वेच्छेने सुरू ठेवावी. मोठ्या आकडेवारीसाठी फ्रँक बेनफर्डने १९३८ साली मांडलेला नियमही उपयोगात आणतात. स्वाभाविक आकड्यांच्या मोठ्या समूहात १ ने सुरू होणाऱ्या संख्या सुमारे ३० टक्के आणि ९ ने सुरू होणाऱ्या ५ टक्क्यांहून कमी असतात, आणि मनाने रचलेले आकडे ही शिस्त पाळत नाहीत. हजारो नोंदी असलेल्या संस्थेस हे साधन मोलाचे आहे, लहान दुकानास त्याचे प्रयोजन नाही.

तिसरी साक्ष माणसांच्या वर्तनाची, आणि हीच सर्वांत जपून वाचावी लागते. उत्पन्नाशी विसंगत राहणीमान, पुरवठादाराशी अतिनिकटता, आपले काम दुसऱ्याला न दाखवण्याचा हट्ट, आणि विशेषतः कधीही रजा न घेणे, या गोष्टींकडे लक्ष द्यावे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रेडी हाउस शाखेत एक उपव्यवस्थापक सुमारे सात वर्षे त्याच जागेवर होता. त्याने भारतीय बँकांच्या परदेशांतील शाखांना पाठवलेल्या हमीपत्रांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीत होतच नव्हती. तो निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, नव्या अधिकाऱ्याने तारण मागितले आणि हजारो कोटींचे प्रकरण उजेडात आले. त्यानंतर २०२१ साली रिझर्व्ह बँकेने जोखमीच्या जागांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी, पूर्वसूचनेशिवाय, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा देण्याचा नियम बँकांना घालून दिला. वर सांगितलेली वसुलीतील फिरवाफिरव ज्या कारणाने रजेला भिते, त्याच कारणाने हा नियम लहान पेढीलाही उपकारक आहे. तथापि जो मुनीम निष्ठेने रजा घेत नाही त्याला केवळ तेवढ्यावरून चोर ठरवणे हा घोर अन्याय होईल. खूण ही पडताळणीचे निमित्त असते. तिला पुराव्याचा दर्जा देऊ नये.

वरिष्ठांचीच लबाडी

आतापर्यंतचे सर्व उपाय मालक प्रामाणिक आहे असे गृहीत धरतात. परंतु जेथे पैसा ठेवीदारांचा आणि अधिकार संचालकांचा असतो, तेथे कारकुनापेक्षा अध्यक्षावर पहारा अधिक आवश्यक ठरतो. विदर्भाला याचा दाहक अनुभव आहे. २००१-०२ च्या सुमारास नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड व इतर दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले, आणि ते रोखे बँकेच्या हाती कधी आलेच नाहीत. सुमारे दीडशे कोटी रुपयांची हानी झाली. वर्धा व उस्मानाबाद येथील जिल्हा बँकाही होम ट्रेडच्या व्यवहारात पोळल्या. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली, आणि त्याविरुद्ध अपील दाखल झाले. न्यायदानाला दोन दशके लागली, तेवढ्या काळात कास्तकाराच्या पीककर्जाच्या सोयीचे जे व्हायचे ते होऊन गेले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत ४४ बुडीत खाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती उभी केल्याचे २०१९ साली बाहेर आले. या दोन्ही ठिकाणी कागद भरपूर होते आणि सह्याही होत्या. रोखा प्रत्यक्ष दाखवा, कर्जदार प्रत्यक्ष दाखवा, असे म्हणणारा मात्र वेळीच कोणी उठला नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ८१ नुसार लेखापरीक्षण, कलम ८३ नुसार चौकशी आणि कलम ८८ नुसार नुकसानभरपाईची जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद आहे. सभासदाने वार्षिक सभेत ताळेबंद हाती घेऊन ठेवी कोठे गुंतवल्या आहेत आणि त्यांचे दाखले कोणाच्या ताब्यात आहेत, हे दोन प्रश्न विचारले, तर या कलमांचा आधार घेण्याची वेळ पुष्कळदा येणारच नाही.

उघडकीस आल्यानंतर

प्रकरण हाती लागले की बहुतेक मालक दोहोंपैकी एक चूक करतात. काही जण संतापाच्या भरात नोकराला सर्वांसमक्ष अपमानित करतात, त्याच्याकडून दबावाने कबुलीजबाब लिहून घेतात, आणि त्यायोगे पुरावाही निकामी करतात. दुसरे, आणि हे संख्येने अधिक, पेढीची अब्रू जाईल या भीतीने काही रक्कम वसूल करून त्याला गुपचूप निरोप देतात, आणि कधी चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही हाती देतात. हा दुसरा मार्ग मला पहिल्याहून अधिक घातक वाटतो, कारण त्याने आपले नुकसान शेजारच्या पेढीच्या दारात नेऊन टाकले जाते. योग्य मार्ग असा, की प्रथम दप्तर, संगणकातील नोंदी आणि काट्याच्या पावत्या ताब्यात घेऊन सुरक्षित कराव्यात, बाहेरच्या सनदी लेखापालाकडून रकमेचा अंदाज घ्यावा, संबंधित माणसाचे म्हणणे लेखी ऐकून घ्यावे, आणि मग फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेला न्यासभंग कलम ३१६ खाली आणि हिशेबांचे खोटेकरण कलम ३४४ खाली शिक्षापात्र आहे, आणि दोहोंना सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. ज्याने खबर दिली त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही ही हमी यासोबतच दिली पाहिजे. हमाल, मापारी, चौकीदार यांना जे दिसते ते मालकाला क्वचितच दिसते, आणि ४३ टक्क्यांचा तो आकडा अशाच माणसांच्या धैर्यावर उभा आहे.

लहान पेढीत कामे वाटायला माणसेच नसतात, ही अडचण खरी आहे. तेथे मालकाने स्वतः एक अंग आपल्याकडे ठेवावे : बँकेचे विवरण स्वतःच्या मोबाइलवर प्रत्यही पाहावे, महिन्यातून एकदा न सांगता रोकड मोजावी, रिकाम्या गाडीच्या वजनाला कधीतरी स्वतः उभे राहावे. एवढ्याने विश्वास डागाळतो असे मानणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की पडताळणी नसलेल्या पेढीत तूट आली म्हणजे संशयाची सुई निर्दोष माणसावरही फिरते, आणि त्याच्यापाशी आपली सचोटी सिद्ध करण्याचे कोणतेही साधन नसते. नियमित पडताळणी ही प्रामाणिक मुनिमाला मिळालेली दरमहाची पावती आहे. अकोला व अमरावतीच्या व्यापारी संघटनांनी आणि बाजार समित्यांनी उतारा, घट, वीज व बारदान यांची त्या त्या हंगामातील प्रमाणे एकत्र करून आपल्या सभासदांना द्यावीत, आणि येथील वाणिज्य महाविद्यालयांनी ताळेबंदाबरोबर जिनच्या उताऱ्याचा हिशेबही विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. बाजारातील लबाडी ही एकेका व्यापाऱ्याची खाजगी बाब नाही हे वऱ्हाडने १८९७ साली मानले. पेढीच्या आतील लबाडीबद्दलही तेच मानण्यास आता उशीर करू नये.